तिरुनीलक्कुडीची पगडी

सेतू भावजी गेल्याचं पुतण्याने कुंभकोणमहून फोनवर सांगितलं, तेव्हा मी पुण्यात मुलाच्या स्वयंपाकघरात घेवड्याच्या शेंगा मोडत बसले होते. ‘काकू, सेतूकाका आज सकाळी गेले,’ तो म्हणाला आणि माझ्या तोंडून निघालं, ‘पुरावा काय?’ ‘काकू, तुम्ही आधी बसा,’ पोरगा म्हणाला. त्याला वाटलं असणार, म्हातारीला धक्का बसला. धक्का कसला! साठ-पासष्ट वर्षं ज्या माणसाने माझ्या प्रत्येक वाक्यावर हेच दोन शब्द फेकले, त्याला जाताना निदान एकदा तरी ते परत करायला नकोत? पुतण्या मग गहिवरून म्हणाला, गावातले लोक सांगत होते, मोठा संशोधक गेला. मोठा... असू दे. गेलेल्या माणसाबद्दल लोक काय वाटेल ते बोलतात. मी मात्र त्यांच्याबद्दल चांगलं काही लिहिणार नाही. त्याचं कारण शेवटी सांगेन.

सेतुमाधव म्हणजे माझ्या यजमानांचे धाकटे चुलतभाऊ. आम्ही कुंभकोणमची मराठी माणसं. तंजावरला मराठी राज्य होतं तेव्हा तिकडे गेलो आणि राज्य गेल्यावर परतायचं राहून गेलं. बाहेर तमिळ, घरात मराठी. आमचं मराठी ऐकून पुण्याच्या विहीणबाईंना वाटतं, देव्हाऱ्यातली समई बोलायला लागली. भावजी तिथल्या एका शाळेत इतिहास शिकवत. कावेरीकाठच्या उन्हात माणूस अंगावरचं उपरणंही काढून ठेवतो, पण हे गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट घालून हिंडत. त्यांच्याजवळ सायकल होती, ती त्यांना चालवता येत नसे. तिच्या मागे वह्या बांधून ते तिच्या शेजारून चालत. गावातली पोरं म्हणत, मास्तर सायकलीला फिरायला घेऊन चालले.

त्या वह्यांत जुन्या गोष्टी असत. आमच्या लोकांपाशी राज्य उरलं नव्हतं, गोष्टी मात्र बख्खळ होत्या. कुणाच्या पणजोबांनी राजाला नागापासून वाचवलेलं, कुणाच्या घरी दरबारातली भुताटकी मागोमाग आलेली, कुणाच्या आजीला प्रत्यक्ष कावेरी माय ओटी मागायला आलेली. भावजी सुट्टीच्या दिवशी आमच्या तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, ठाण मांडत आणि म्हाताऱ्या माणसांना बोलतं करत. माणूस जीव ओतून सांगे. हे मान खाली घालून लिहून घेत. गोष्ट संपली की खिशातून तांबडी पेन्सिल काढून समासात, सांगणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, एक शब्द लिहीत... ‘खोटे.’ नाचियार्कोविलचा दगडी गरुड उत्सवात बाहेर निघाला की पावलोपावली जड होत जातो आणि खांदा देणारे दुप्पट दुप्पट लागतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भावजी मोजायला गेले. वहीत लिहिलंय, ‘सोळा माणसे मोजली. पुढे गर्दीत चष्मा पडला. मोजणी राहिली. खोटे.’ हे यांचं संशोधन!

त्यांचा एक नियम होता आणि तो ते वेदवाक्यासारखा सांगत. ‘वहिनी, ज्या गोष्टीत सांगणाऱ्याच्या घराण्याची थोरवी आहे ती गोष्ट खोटी. स्वतःची फजिती मुद्दाम कोण रचेल? म्हणून फजितीची तेवढी खरी.’ आमच्या सासऱ्यांची, मामंजींची, लाडकी गोष्ट होती की घराण्याचे मूळ पुरुष त्रिंबकपंत यांना राजाने पांढऱ्या हत्तीचं पिल्लू बक्षीस दिलं. भावजींनी विचारलं, ‘काका, पिल्लू बांधलं कुठं? न्हाणीघरात?’ आणि काढली पेन्सिल. मामंजी दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. पण गंमत अशी की, त्या दिवसापासून त्यांचा या पुतण्यावर कमालीचा विश्वास बसला. जो माणूस सख्ख्या काकाचा हत्ती खोटा म्हणतो, तो उद्या एखाद्या गोष्टीला खरी म्हणाला तर ती खरीच असणार...

आता माझ्याकडे वळते. पन्नासचं दशक नुकतं लागलं होतं. मी एकोणीस वर्षांची, लग्नाला तीन वर्षं झालेली, दिसायला बरी आणि त्यामुळे डोकंही बरं असावं असा स्वतःचा समज करून घेतलेली एक नंबरची शिष्ट पोरगी. त्या चंपाला आज भेटले तर आधी एक टपली देईन. माझी आजी, लांबच्या नात्याने याच घराण्यातली, मरुदानल्लूरच्या भजनाची एक गोष्ट सांगे. तंबोरा धरणाऱ्याला भजनात डोळा लागला, हात खाली पडला, तरी तंबोरा वाजत राहिला, आणि तिने तो ऐकला. आजीला जाऊन चार महिने झाले होते. मी मोठ्या भक्तिभावाने ती गोष्ट भावजींना दिली. त्यांनी समासात लिहिलं, ‘खोटे. म्हातारीला डुलकी लागली असावी.’ माझी आजी... आणि डुलकी! मी तिथल्या तिथे ठरवलं की, या कोटवाल्या शहाण्याच्या त्याच पेन्सिलीने खोट्यापुढे ‘खरे’ लिहून घ्यायचं.

आठ दिवस मी वांगी चिरता चिरता गोष्ट रचत होते. नियम ठाऊकच होता. आपल्या घराण्याची फजिती हवी, तीही नाक कापणारी. माझी गोष्ट अशी झाली... एके वर्षी आडी महिना, म्हणजे तिकडचा आषाढ, उजाडला तरी कावेरीला पाणी येईना. राजाने त्रिंबकपंतांना कुंभकोणमला धाडलं. पंत वाजंत्री घेऊन कोरड्या वाळवंटात खुर्ची मांडून बसले आणि घाटावर उभी असलेली आपली विधवा बहीण बयाबाई हिला अपशकुनी म्हणून हाकलून दिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पंतांचा डोळा लागला आणि पाणी आलं. वाजंत्रीवाले पळाले. पंत खुर्चीसकट वाहत निघाले. खालच्या अंगाला बयाबाई भांडी घासत होती, तिने भावाला शेंडीला धरून ओढून काढलं. भिजलेल्या पंतांनी सगळ्या गावासमोर कबूल केलं की, यापुढे आमच्या घरात आडीच्या अठराव्या दिवशी नदीची पहिली पूजा हिच्या हातची, पहिला दोरा हिच्या हातचा. पंतांची पगडी मात्र गेली ती गेलीच. ती तिरुनीलक्कुडीच्या शेतात एका बुजगावण्याच्या डोक्यावर सापडली.

तो अठरावा दिवस आमच्याकडे नदीचा सण असतो. नवं पाणी आलेलं असतं. बायका घाटावर जाऊन कावेरीला हळदकुंकू वाहतात, एकमेकींच्या गळ्यात हळदीचा पिवळा दोरा बांधतात, पाच प्रकारचे भात खातात. आणि त्यात विधवेला जागा नाही. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच तर गोष्टीत विधवा घातली. इथे कुणी मला सुधारक वगैरे समजू नये. मी डोक्याला ताण देऊन शोधत होते की पुरुषाची सगळ्यात मोठी नाचक्की कशात होईल, आणि त्या एकोणीस वर्षांच्या दीडशहाणीला सुचलं ते हे... विधवेच्या हातून वाचणं. आमच्याच घरात रखुमाआत्या होत्या, मामंजींच्या बहीण, अकराव्या वर्षी नवरा गेलेल्या, तेव्हा पन्नाशीच्या. मी वांगी चिरत होते तेव्हा समोर बसून त्या नारळ खवत होत्या. त्यांच्याकडे बघून मला ही अक्कल सुचली.

भावजींनी गोष्ट ऐकली आणि पहिल्यांदाच पेन्सिल खिशात राहिली. ‘कुणी सांगितली?’ ‘आजीने.’ ‘डुलकीवाल्या?’ ‘त्याच.’ दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ सायकल हाताशी धरून तिरुनीलक्कुडीला चालत गेला. सायकल घरी ठेवून बसने जावं, एवढं व्यवहारज्ञान संशोधकाला नसतं. तिथे बांधावर एक म्हातारा शेतकरी भेटला. भावजींनी विचारलं, ‘ताता, फार पूर्वी इथे नदीच्या पाण्याबरोबर एखादी पगडी आली होती का?’ म्हाताऱ्याने हा कोट पाहिला, घामाने निथळणारा चेहरा पाहिला, न चालवलेली सायकल पाहिली. आमच्या भागात उन्हातून आलेल्या पाहुण्याला कुणी नाही म्हणत नाही. तो म्हणाला, ‘आली होती की!’ ‘कुठल्या रंगाची?’ ‘तुम्ही म्हणाल त्या.’ आणि आमच्या पंडितांनी लिहिलं, ‘रंगाविषयी साक्षीदारास खात्री नाही. म्हणजेच साक्षीदार पढवलेला नाही. नदीतून पाटात, पाटातून शेतात. मार्ग जुळतो.’ त्याखाली तांबडं, दोनदा गिरवलेलं... ‘खरे.’

मला वाटलं होतं, ‘खरे’ लिहिलं की मी टाळ्या पिटत सांगेन, भावजी, फसलात! पण ते थेट मामंजींपुढे जाऊन बसले आणि मोठ्याने वाचू लागले. मी दाराआड. घशात सांगायचं वाक्य तयार. वाचून झाल्यावर मामंजींनी पानदान बाजूला सारलं.

‘आपल्या घराण्याचं एवढंच खरं निघालं?’

‘एवढंच, काका.’

‘शेंडी धरून?’

‘शेंडी धरून. आणि रिवाज तुम्ही लोकांनी मोडलात.’

दर वर्षी आडीच्या अठराव्या दिवशी पाचही भात आत्या पहाटे उठून करत. चिंचेचा, लिंबाचा, नारळाचा, गुळाचा, दह्याचा. डबे भरून आमच्या हातात देत आणि दारात थांबत. आम्ही परतलो की त्यांचा एकच प्रश्न असे, ‘पाणी कोठवर आलं गो?’ आम्ही नव्या साड्यांच्या निऱ्या सावरत म्हणायचो, ‘दुसऱ्या पायरीवर.’ दर वर्षी दुसऱ्या पायरीवर. बघितलं होतं कुणी!

तर त्या वर्षी सणाच्या आदल्या दिवशी मामंजींनी मला देवघरात बोलावलं. भावजी बाजूला, वही मांडीवर. मामंजी म्हणाले, ‘चंपा, रखुमाला उद्या घाटावर न्यायचं म्हणतोय, तर गल्लीतले लोक विचारतायत. सेतू म्हणतो खरं आहे. पण गोष्ट तुझ्या तोंडची. दिव्याकडे बघून सांग, तुझ्या आजीचीच ना ही?’ आत स्वयंपाकघरात आत्या नारळ खवत होत्या. खवणीचा आवाज बंद झाला. मामंजींनी मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं विचारलं की काय, कोण जाणे. मी नाही म्हटलं असतं तर आत्या उद्याही दारात थांबणार होत्या आणि मग मरेपर्यंत. हो म्हटलं तर देवासमोर खोटं. मी दिव्याकडे बघितलं. मग म्हटलं, ‘हो, मामंजी. आजीचीच.’

इथे मला आत्यांची दया आली, असं लिहायचा फार मोह होतो. लेखाला शोभलंही असतं. पण तसं काही नव्हतं. मामंजी रागावतील, भावजी हसतील, माहेरी चिठ्ठी जाईल, या भीतीने माझी वाचा बसली होती आणि त्यातल्या त्यात छोटा शब्द ‘हो’ हा होता. एवढाच तो पराक्रम. आत खवणी पुन्हा सुरू झाली, जरा जोरात.

दुसऱ्या दिवशी आत्या आमच्याबरोबर आल्या. वाटेभर पदर इतका खाली ओढला होता की, पायापुढचं तेवढं दिसत असेल. घाटावर दोघी-तिघी बायका बाजूला सरकल्या. मामंजी वर वडाखाली उभे होते, काठी टेकून, सगळ्यांना दिसतील असे. भावजी चारचौघांना पगडीचा मार्ग समजावत होते. त्या गडबडीत आत्या पायऱ्या उतरू लागल्या. एकेका पायरीवर थांबत, पाय टेकवत. पाण्यापाशी वाकल्या, हात बुडवून चाचपत राहिल्या. मला वाटलं, तोल जातोय. धावत गेले.

‘काय शोधता, आत्या?’

‘चार बुडाल्यात गो,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही मेल्या मला दोनच सांगत हुता.’

मग त्यांनी हळदीचा दोरा घेतला आणि माझ्या गळ्यात बांधला. ओल्या बोटांना गाठ बसेना. तीनदा सुटली. चौथ्यांदा इतकी घट्ट बसली की संध्याकाळी कात्रीने कापावी लागली. मला म्हणाल्या, ‘तुझी आजी शहाणी बाई हुती हो.’ मी मान हलवली. दुसरं काय करणार? त्यानंतर आत्या होत्या तोवर, पुढची पंधरा-सोळा वर्षं, पहिला दोरा त्यांच्या हातचा. पाणी कुठवर आलं ते त्या परतल्यावर मामंजींना सांगत, न विचारता, पायऱ्या मोजून.

आत्या गेल्या, त्यांचे दिवस झाले, आणि मला वाटलं की आता सांगून टाकावं. आता कुणाचं काही जाणार नाही. भावजी तिण्णैवर कॉफी पीत होते. मी म्हटलं, ‘भावजी, ती पगडीची गोष्ट मी रचली होती. आजीचा तिच्याशी काही संबंध नाही.’

‘पुरावा काय?’

‘अहो, मीच सांगतेय ना! माझ्याहून मोठा पुरावा कोणता?’

त्यांनी पेला खाली ठेवला, चष्मा पुसला. शांतपणे म्हणाले, ‘खोटं.’

‘काय खोटं?’

‘तुम्ही आत्ता म्हणालात ते. आत्याला नदीवर कुणी नेलं? गोष्टीने. गोष्ट तुमची, म्हणजे तुम्ही नेलंत. यात तुमची थोरवी आहे, वहिनी. माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे.’

‘अहो, कसली थोरवी! तुम्ही आजीला डुलकीवाली म्हणालात म्हणून सूड घेतला मी. तुमची फजिती करायची होती!’

‘हा तुमचा विनय,’ भावजी म्हणाले आणि खिशातून पेन्सिल काढली. ‘आणि तिरुनीलक्कुडीच्या साक्षीदाराचं काय?’

मी इतकी संतापले की पेला उचलून आत गेले, त्यात अर्धी कॉफी होती तरी. तो खोटारडा म्हातारा, ते बुजगावणं, ती कधीच नसलेली पगडी, सगळं खरं. आणि बोलूनचालून जिवंत बाई समोर उभी राहून ‘मी लबाड आहे’ म्हणते, ती खोटी. पुढे कितीतरी वर्षं मी अधूनमधून विषय काढून बघितला. ‘वहिनी, साक्षीदार?’ एवढंच म्हणत. इतका ठार आंधळा माणूस मी पाहिला नाही. कधीकधी वाटे, सगळं कळतंय आणि मुद्दाम करतायत. पण नाही. तेवढी बुद्धी असती तर सायकल शिकले असते.

गेल्या महिन्यात पुतण्याने पार्सल पाठवलं. जाड दोऱ्याने बांधलेली ती वही आणि दोऱ्यात खोवलेला, अंगठ्याएवढा उरलेला तांबड्या पेन्सिलीचा तुकडा. ‘काकांनी तुमच्यासाठी काढून ठेवलं होतं,’ एवढी चिठ्ठी. मी पानं उलटली. पगडी... ‘खरे.’ वहीच्या शेवटी, कोऱ्या राहिलेल्या पानावर, त्यांच्या मुंगीएवढ्या अक्षरात, ‘वहिनींनी आज सांगितले की सदर गोष्ट त्यांनीच रचली. खोटे.’ तिसरं काही नाही. खूण नाही, कोपऱ्यात बारीक अक्षरात काही नाही. मी भिंग लावून बघितलं.

पार्सल आलं त्याच आठवड्यात आडीचा अठरावा दिवस होता. यजमानांना जाऊन नऊ वर्षं झाली. इथे नदी कुठली? सुनेने तांब्या नळाखाली भरून पाटावर ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं, आणि पहिला दोरा माझ्या हातात दिला. दर वर्षी देते. ‘आपल्या घराण्याचा रिवाज,’ असं ती नातीला सांगते, राजाच्या काळातला म्हणून. मी नातीच्या गळ्यात दोरा बांधला. माझी बोटं आता आत्यांसारखीच झाली आहेत, गाठ सुटत राहते. मग कुंभकोणमला फोन लावला. ‘पाणी कुठवर आलंय रे?’ पुतण्या घाईत होता. म्हणाला, ‘दुसऱ्या पायरीवर, काकू.’ मी म्हटलं, ‘मेल्या, जा. उतरून मोजून ये.’

आता सुरुवातीला म्हटलं ते कारण. हा लेख लिहून झाल्यावर मी तो भावजींच्या नियमाने तपासला. माझी फजिती जागोजागी आहे. त्यांचीही आहे. थोरवी कुणाची नाही, असती तर त्यांच्या हिशेबी सगळा लेखच खोटा ठरला असता. तिरुनीलक्कुडीच्या त्या उन्हातल्या चालण्याबद्दल एक वाक्य मात्र चुकून चांगलं पडलं होतं. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या शब्दावर कोण एवढं चालतं, असं काहीतरी. ते मी त्यांच्याच पेन्सिलीच्या तुकड्याने खोडलं आणि समासात लिहिलं, ‘खरे.’